हजेरीतली कोरी जागा

बेसा भागातल्या त्या कॉलनीत मीटिंग आटोपली की देवराव हजेरीच्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकत. बोलावलंच नव्हतं, असं नंतर कोणी म्हणू नये म्हणून. कागद ते स्वतः पट्टी धरून आखत आणि सगळ्यांची नावं आधीच लिहून ठेवत. पुढं सही, मोबाईल आणि यंदापासून ईमेल. अक्षर ओळखायला त्यांना चाळिशी उजाडली होती. तोवर कुठंही गेलं की त्यांच्यापुढं शाईचा पॅड सरकवला जायचा आणि बाकीचं दुसरंच कोणी लिहायचं. त्यामुळे कोरा रकाना दिसला की त्यांना चैन पडत नसे.

त्या रविवारी बोअरवेलच्या मोटरवरून मीटिंग झाली. सगळे गेल्यावर देवरावांनी कागद पाहिला. दामिनीच्या नावापुढं ईमेलची जागा कोरी होती. ही कॉलनीतल्या सिंधूताईंची भाची. नवऱ्याला सोडून मावशीकडे राहायला आलेली. मागं कॉलनीचा पाण्याचा अर्ज तिनंच आपल्या ईमेलवरून पाठवला होता आणि त्याची प्रत देवरावांकडे होती. पोरगी घाईत विसरली असेल, असं म्हणून त्यांनी प्रतीवरचा पत्ता एकेक अक्षर पाहून उतरवला आणि फोटो टाकून दिला.

संध्याकाळी दामिनी दारात उभी.

"काका, माह्या नावापुढं ईमेल कोणं लिहिला?"

"म्या. तुही जागा राहून गेली होती ना वं."

"राहून नव्हती गेली. मीच ठेवली होती."

मग तिनं सांगितलं. नवरा जुन्या ईमेलवर शिव्या लिहायचा. तिच्या साहेबालाही नाही नाही ते लिहिलं आणि नोकरी गेली. म्हणून तिनं हा नवा पत्ता काढला. तो वकिलाला ठाऊक होता आणि मुलाखत दिलेल्या शाळेला.

"अन् तुमच्या अर्जासाठी वापरला. तुमच्यावर भरोसा होता म्हणून. ग्रुपमधी ओमप्रकाश आहे, काका. माह्या नवऱ्याचा मावसभाऊ."

देवरावांनी घाईघाईनं फोन काढला. "हे पाय, पुसला फोटो."

तिनं आपला फोन पुढं केला. मेल येऊन पडला होता. एकच शब्द: सापडलीस.

"मले वाटलं, कागद पुरा दिसावा," देवराव म्हणाले.

"झाला ना पुरा. मी आता पुन्हा नवा पत्ता काढीन. शाळेले कळवीन. काहून बदलला, तेही सांगीन त्यायले."

ती गेली.

पुढच्या मीटिंगला कागदावर नाव आणि सही एवढंच होतं.

"काय काका, रकाने आटले का बोअरवेलसारखे?" ओमप्रकाश म्हणाला. लोक हसले.

कागद फिरत दामिनीकडे आला. तिनं तो पाहिला आणि सही न करता मावशीकडे सरकवला.

"अरे, ही तर समोर बसून आहे!" ओमप्रकाश म्हणाला. "तुम्हीच मांडून टाका ना काका तिची हजेरी. फोटोत अधुरं दिसते."

"फोटो बंद केला आता," देवराव म्हणाले. "अन् तिची जागा तिची आहे. तू आपलं पाय."

त्यांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग मोटरचं बोलणं सुरू झालं.