आडनावाआधीची दोन नावं

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या बुद्धविहाराची पुस्तिका दर वर्षी भीमजयंतीला निघायची आणि तिची पानं धम्मशीला लावायची. २००८च्या जानेवारीत ती गेली. मार्चमध्ये पुस्तिका तिच्या नवऱ्याच्या, राजेंद्रच्या गळ्यात पडली.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर सगळ्या घरांची नावं असत, इंग्रजी अक्षरांत. आधी नवरा, मग 'अँड', मग बायको, मग आडनाव. आदल्या वर्षी धम्मशीलाने सभेत ठराव मांडला, बायकोचं नाव पुढे. हात वर झाले, ठराव पास झाला. मग तिने लॅपटॉपवर शोधायचा एक नमुना लिहिला. एक शब्द, मग 'अँड', मग दुसरा शब्द, मग आडनाव, अशी ओळ दिसली की पहिल्या दोन नावांची अदलाबदल कर. बटण दाबलं आणि घरोघरच्या बायका पुढे आल्या.

आता अध्यक्ष काशीनाथकाकांचा फोन आला. "राजेंद्र, ती नावं पूर्वीसारखी करून टाक बाबा. नागपूरहून पाहुणे येतायत, उगाच प्रश्न नकोत."

राजेंद्रमध्ये वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने तोच नमुना चालवला. धम्मशीलाने तो फक्त शेवटच्या पानांवर चालवला होता, याने अख्ख्या पुस्तिकेवर. इल्फर्डच्या किराणा दुकानाच्या जाहिरातीत 'शाह अँड सन्स ग्रोसर्स'चं 'सन्स अँड शाह ग्रोसर्स' होऊन बसलं. मशीनला काय, बाप कोण नि पोरं कोण. राजेंद्रला हसू फुटलं. "अगं, हे बघ," म्हणत तो मागे वळला. मागे इस्त्रीचं टेबल होतं.

मग त्याने आपली ओळ शोधली. 'राजेंद्र अँड धम्मशीला खोब्रागडे.' तिने भांडून पुढे आणलेलं नाव त्याने आपल्या हाताने मागे ढकललं होतं. त्याने सगळं जसंच्या तसं परत फिरवलं.

रविवारी काका आले. सोबत कांताकाकू, हातात भाजीचा डबा.

"जयभीम. झालं का रे?" काकांनी खुर्ची स्क्रीनसमोर ओढली आणि चष्मा लावला. "हे तर तसंच आहे."

"तसंच राहणार."

"काय अडचण आहे? आमचा शशी म्हणत होता, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटंही लागत नाहीत, काका. मी करून बघितलं आणि परत फिरवलं. ठराव सभेत झालाय. बदलायचा तर सभा बोलवा, बायकांना समोर बसवा आणि हात वर करायला सांगा."

"सभा आता जयंतीनंतर."

"मग पुस्तिका अशीच छापायला जाईल."

काकांचा आवाज चढला. "मी अध्यक्ष आहे राजेंद्र!"

"अध्यक्षांनीच हात मोजले होते," कांताकाकू डबा फ्रिजमध्ये ठेवता ठेवता म्हणाल्या. "माझाही मोजला होता. तेव्हा चष्मा नव्हता का?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? मी तर आता पुढे आहे." त्यांनी स्क्रीनवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

काका हळू आवाजात म्हणाले, "बरं, बाकीच्यांचं राहू दे. तुझ्या ओळीत तरी तुझं एकट्याचं ठेव. यादी हयात माणसांची असते. ती आता नाही रे."

तसं घरात कुणी अजून तोंडावर म्हटलं नव्हतं. भेटायला येणारे सगळे 'त्या प्रसंगानंतर' म्हणायचे. राजेंद्रनेही बँकेला नि कौन्सिलला कळवायचं सोडलं तर ते कुठे लिहिलं नव्हतं.

"ती नाही, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण नाव राहील. आणि पुढेच राहील. नको असेल तर आमची दोघांचीही ओळ काढा आणि पाहुण्यांना का काढली ते सांगा."

काकांनी चष्मा काढून खिशात घातला.

राजेंद्रने आपल्या ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेला. हा बदल अख्ख्या यादीत एकाच ठिकाणी होता, त्याला नमुना लागणार नव्हता. त्याने एकेक अक्षर दाबत, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते 'कालकथित' टाइप केलं, मध्ये एकदा चुकला, खोडून पुन्हा लिहिलं. पुढे धम्मशीला, मग तो, मग खोब्रागडे.

"काकू, बरोबर आहे का बघा."

कांताकाकूंनी ती ओळ मोठ्याने वाचली. राजेंद्रने फाइल छापखान्याला पाठवली.