बादलीपाशी वीस मिनिटं

माझी नर्सरी मोशीच्या रस्त्यावर आहे. बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे हात बघतेय. ज्ञानेश नेहमी फुललेलं रोप उचलायचा. "अरे, कळ्यांचं घे, हे चार दिवसांत झडेल," असं सांगितलं की हसायचा. "विजयश्रीताई, साहेबाला आज दिसलं पाहिजे." कळ्यांची रोपं माझ्याकडे पडून राहायची आणि झडलेल्यांच्या जागी नवी न्यायला तो आठ दिवसांत पुन्हा यायचा. मला काय, मी दोनदा विकायची.

त्याचा धंदा बागा सांभाळायचा. पिंपळे सौदागरच्या दोन सोसायट्या आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी. अकरा माणसांतली आठ त्या कंपनीच्या बागेवर. ती बाग सुटली तर त्याच्याकडे एक टेम्पो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची कटकट, एवढंच उरणार. कंत्राट दर एप्रिलला नवं व्हायचं. यंदा एक बडा ठेकेदार कंपनीत चकरा मारू लागला होता, आणि तिथले साहेब ज्ञानेशला म्हणाले होते, "काम चांगलंय हो तुमचं, पण सिस्टीम दिसत नाही."

तेव्हापासून त्याला गुरू हवा होता.

दोन मिळाले. एक निरंजन सर. चिंचवडला हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवारी शिकवायचे, सहा महिन्यांचा कार्यक्रम. पहिला वर्ग फुकट, म्हणून ज्ञानेशने मलाही नेलं. टाइल्सवाले, केटरिंगवाले, ड्रायव्हिंग स्कूलवाले असे चाळीस जण होते. सर कोटात, कानाला माइक. "जे कागदावर नाही, ते तुमच्या धंद्यात नाही!" चाळीस जणांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझं लक्ष स्टेजवरच्या दोन पामांकडे. प्लास्टिकचे होते, आणि धुळीने माखलेले.

दुसरे अर्जुनराव. तीस वर्षं एका कारखान्याची बाग बघून रिटायर झालेले, चिंचवड गावठाणात राहतात. माझ्याकडे आले की कुंडी उलटी करून मुळं बघायचे आणि निम्मा माल परत ठेवायचे. अशा गिऱ्हाइकाचा चेहरा विसरत नाही. ते ज्ञानेशला फी न घेता शिकवायला तयार होते. अट एकच: दर गुरुवारी सकाळी सातला बागेवर बरोबर फिरायचं आणि पहिले तीन महिने काहीही बदलायचं नाही. माणसं काय करतात ते नुसतं बघायचं.

"बघत बसू?" ज्ञानेश माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाला. "फेब्रुवारी चालूय, एप्रिलला कंत्राट! आणि फुकट शिकवणारा माणूस काय शिकवणार, ताई? तुम्हीच सांगा, कुणाकडे जाऊ?"

मला उत्तर माहीत होतं. हेही माहीत होतं की निरंजन सरांचे चेले धंदा वाढवायला निघतात आणि वाढवायला निघालेला माणूस रोपं घेतो. अर्जुनरावांचा चेला कुंड्या उलट्या करेल.

"सर बरे," मी म्हणाले. "जमान्याबरोबर जायला हवं."

महिन्याभरात तक्ता तयार झाला. प्रत्येक माणूस, प्रत्येक काम, किती मिनिटं. ज्ञानेश लॅमिनेट करून घेऊन आला, नव्या बाळाचा फोटो दाखवावा तसा. पाण्याला टायमर बसवला होता, पहाटे सहाला आपोआप सुरू. "माणूसच लागत नाही, ताई!"

तीन दिवसांनी सोजरबाई आली. लातूरकडची, साठीची, ज्ञानेशच्या धंद्याच्या पहिल्या दिवसापासूनची, कंपनीच्या बागेवरची बाई. हातात घडी घातलेला कागद. "ताई, वाचा बरं. ज्ञानेश पोरगं म्हणलं ह्याच्यात समदं लिवलंय."

मी वाचलं. तिला कामावरून कमी केलं होतं. कारणाच्या रकान्यात होतं: रोज सकाळी नळाजवळ वीस मिनिटे बसून राहणे.

"बसून?" सोजरबाई म्हणाली. "आवं, पाणी बघत व्हते की मी."

मग तिने सांगितलं. कारखान्याचं सांडपाणी साफ करून तेच बागेला सोडतात. रोज पाणी सारखं येत नाही. ती बादली भरायची, निवळू द्यायची, फेस बसतो का बघायची, वास घ्यायची, बोटांत चोळायची. पाणी बुळबुळीत लागलं तर व्हॉल्व्ह बंद करून त्या दिवशी टँकरचं पाणी द्यायची. "मार्च आला की लई बिघडतंया. तीन-तीन शिफ्टा चालत्यात, वरतून ओव्हरटाइम. पाणी साफ करणारं मशीन तरी किती गिळंल?"

"ज्ञानेशला सांगितलंस?"

"मला इचारलंच न्हाई कुणी. मला वाटलं त्येला म्हाईत हाय."

त्या दिवशी मार्चची नऊ तारीख. मी फोन हातात घेतला, ज्ञानेशचं नाव काढलं. मग कंपनीचं लॉन डोळ्यांसमोर आलं: गेटपासून कँटीनपर्यंत, दोन्ही बाजूंनी. ते पुन्हा लावायचं झालं तर माझा अख्खा उन्हाळा निघाला असता. मी फोन ठेवला. सोजरबाईला म्हटलं, "माझ्याकडे पिशव्या भरायला ये. शंभर पिशव्यांमागे भाव."

एकवीस तारखेला ज्ञानेश धावत आला. लॉन काडीसारखं पिवळं पडलं होतं, कुंपणाच्या झाडांनी पानं टाकली होती. "कीड आहे का, ताई?"

"असेल," मी म्हणाले आणि नवीन लॉन दिलं. तेही सहा दिवसांत जळलं. टायमर रोज सहाला इमानेइतबारे सुरू होत होता. त्याने निरंजन सरांना फोन केला तर ते म्हणाले, हा तुमच्या परीक्षेचा काळ आहे, मन खंबीर ठेवा. शेवटी तो अर्जुनरावांकडे गेला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्याला कोण बसतं?"

तिथून तो थेट माझ्याकडे आला. सोजरबाई मागच्या शेडमध्ये पिशव्यांत माती भरत होती. तो तिच्यासमोर मातीतच बसला.

"मावशी, पाण्यात काय होतं?"

तिने सगळं पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, "मी ताईला सांगितलं व्हतं की. तवाच, कागुद वाचला तवा."

ज्ञानेशने माझ्याकडे पाहिलं. मी रोपांवर पाणी मारत होते.

"मला वाटलं तुला माहीत असेल," मी म्हणाले.

त्याने सोजरबाईला टेम्पोत बसवून चाकणला नेलं. संध्याकाळी ती एकटीच परत आली, शेअर रिक्षाने. "माती खारवली," ती म्हणाली. "चिमूटभर जिभंवर घेऊन बघितली. आता दोन पावसाळं तरी काय उगवत न्हाई तिथं. तसंच सांगितलं पोराला. तिथंच पायरीवर बसला."

कंपनी दोन पावसाळे थांबणार नव्हती. एप्रिलमध्ये बाग बड्या ठेकेदाराकडे गेली. त्याने माती उकरलीच नाही, वरून प्लास्टिकचं हिरवं लॉन अंथरलं. त्याला पाणी नको, खुरपणी नको, माणूस नको. उरलेले सातही जण घरी बसले. ज्ञानेशने सोसायट्याही सोडल्या, टेम्पो विकला आणि आता भोसरीत एका वर्कशॉपमध्ये शिफ्टवर जातो. रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. प्लास्टिकचे रोल माझ्याकडूनच गेले. त्याच महिन्यात मी ते ठेवायला सुरुवात केली होती.

सोजरबाई अजून माझ्याकडेच आहे. काल सकाळी आले तर शेडमध्ये भरलेली बादली, आणि ती शेजारी उकिडवी बसलेली. एकही पिशवी भरलेली नव्हती.

"सोजरबाई, बोअरचं पाणी आहे ते," मी म्हणाले. "त्यात काय बघायचंय? पिशव्या भर."

तिने बादलीत बोटं बुडवली, चोळली आणि वर पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं. मी घड्याळाकडे बघत होते. ते तिला दिसलं. ती उठली आणि पिशव्या भरू लागली.