मागे डोंगर, पुढे पाणी

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. दचकू नका. मला तोंड नाही, हात नाहीत, पण जमीन घडवता येते. कुठलाही एक आकडा द्या. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत मी तुमच्यापुढे डोंगर, नद्या, जंगलं, हरणांचे कळप आणि सोन्याच्या खाणी मांडून ठेवतो. आकडा बदलला की जमीन बदलते. एवढंच माझं काम, पण ते करताना मला अजून नव्यासारखी मजा येते.

माझं नाव ‘अनोळखी माती’. व्हिएतनामच्या उत्तरेला, नाम दिन्ह शहरात, लुआ नावाच्या मुलीने मला घडवलं. तिथे संगणकावरचा एक जुना खेळ लोक वर्षानुवर्षं वेड्यासारखे खेळतात. आपलं गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, शिकार करायची, फौज उभी करायची आणि पडद्यावरच्या काळोखात दडलेलं समोरच्याचं गाव शोधून ते जिंकायचं. खेळाबरोबर तीनच नकाशे आले होते. पंधरा वर्षं सगळं शहर त्याच तीन नकाशांवर लढत होतं. कुठल्या झाडामागे किती हरणं आहेत हे पोरांना पाठ झालं होतं, आणि जिंकायचा तो, ज्याची बोटं जास्त वेगाने चालत.

लुआच्या वडिलांची बोटं आता चालत नव्हती. थ्वानकाका म्हणजे गिरणीत माग दुरुस्त करणारे मिस्त्री. एके काळी या खेळात त्यांना हरवणारा शहरात नव्हता. मग निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी लुआची आई गेली. त्यानंतर ते घरीच बसून संगणकाशी खेळत, तेच तीन नकाशे, आवाज बंद करून. जेवायला हाक मारली की येत, जेवून परत जात.

एकदा ताटावर ते सहज म्हणाले, “न पाहिलेल्या जमिनीवर आणा म्हणावं या कार्ट्यांना. तिथे बोटं नाही, नजर लागते.”

लुआने भात खाता खाता मान वर केली. माझ्या जन्माची वेळ विचाराल तर मी तीच सांगेन.

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात संगणकावर कापडाची नक्षी काढते. दुपारी जेवणं झाली की तिथली अख्खी कचेरी दिवे मालवून, चटया पसरून टेबलांखाली झोपते. त्या तासाभराच्या घोरण्यात तिने मला लिहिलं. फुलं विखुरल्यासारखी दिसावीत, तरी एकावर एक चढू नयेत आणि मध्ये टक्कलही दिसू नये, हे तिचं रोजचं काम. तीच कला तिने मला शिकवली. फुलांच्या जागी झाडं आली.

मी काही शहाणं बाळ नव्हतो. माझी पहिली जमीन म्हणजे सगळा समुद्रच, दोन्ही गावं पाण्याखाली. दुसरीत नदी डोंगर चढून गेली. तिसरीत एका गावाला सोन्याच्या नऊ खाणी दिल्या आणि दुसऱ्याला एक हरीण. लुआ तोंडावर हात दाबून हसत होती, कारण टेबलाखाली साहेब झोपले होते. मग तिने मला एकेक नियम लावला. पाणी उताराकडेच जाईल. दोन्ही गावांना लाकूड, अन्न, सोनं सारखं. एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायला कुठून तरी वाट हवीच. अकराव्या आठवड्यात मी पहिली सरळ, नांदती जमीन घडवली. त्या दिवशी ती चटईवर झोपलीच नाही, नुसती बघत राहिली.

शहरातले खेळाडू खांगच्या नेट कॅफेत जमतात. खांग चाळिशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. टेटच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, सणाआधीच्या रविवारी नदीपलीकडच्या थाय बिन्हच्या लोकांशी सामने होते. मी चाललो तर मी, नाहीतर तेच तीन जुने नकाशे, असं त्याने ठरवलं. चाचणीच्या दिवशी लुआ वडिलांना जवळजवळ ओढतच घेऊन आली.

थ्वानकाका खुर्चीत बसले, चष्मा सारखा केला, पडद्याकडे पाहिलं आणि उठले.

“काय झालं बाबा?”

“हे गाव आहे की थडगं? तोंड उत्तरेला, समोर नागडा खडक, मागे उघडं माळरान. इथे कोण नांदणार?”

“काका, खेळातलं गाव आहे,” खांग म्हणाला. “तुम्हाला कुठे राहायला जायचंय?”

“तुझं दुकान कुठल्या तोंडाचं आहे रे?”

दुकान दक्षिणमुखी होतं. त्यासाठी त्याने मूळचं दार भिंत घालून बंद केलं होतं. मागच्या बाकांवरच्या चार वयस्क माणसांनीही माना डोलावल्या. घर दक्षिणेला तोंड करून हवं, मागे डोंगर, पुढे पाणी. आजोबांनी तसंच बांधलं, पणजोबांनी तसंच. खेळ झाला म्हणून काय झालं?

लुआला एवढंच दिसलं की बाबा घरी परत निघालेत. तिने उभ्या उभ्या मला अकरा ओळी शिकवल्या. प्रत्येक गावाच्या मागे, उत्तरेला, डोंगर. प्रत्येक गावाच्या पुढे, दक्षिणेला, तळं. “आता बसा,” ती म्हणाली. आणि ते बसले.

मग काय सांगू! थ्वानकाका जिंकले. दुसऱ्या दिवशी जिंकले, तिसऱ्या दिवशीही. त्यांचा घोडेस्वार काळोखात असा सुटायचा, जणू त्याला समोरच्या गावातून आमंत्रण आलंय. पोरं सगळीकडे गोल गोल शोधत फिरायची आणि यांची फौज तोवर त्यांच्या दारात.

“काका, डोळे आहेत की दुर्बीण?”

“नजर म्हणतात याला. कोंबड्यांना नसते.” कच्च्या खेळाडूला तिथे कोंबडी म्हणतात, आणि हा शब्द काकांच्या तोंडून ऐकायला पोरं मुद्दाम हरायला येऊ लागली. काका इस्त्रीचा शर्ट घालू लागले. सूर्यफुलाच्या बिया फोडत तासन्‌तास कॅफेत बसू लागले. मी फुशारून गेलो होतो. वाटलं, जमीन असावी तर माझ्यासारखी.

सामन्यांना चार दिवस उरले तेव्हा लुआने कापड तपासतात तसं मला तपासलं. नक्षी नीट विखुरली आहे का हे पाहायला ती खूप तुकडे शेजारी शेजारी मांडते. तसे तिने माझे चोवीस नकाशे छापून टेबलावर ओळीने मांडले आणि दोन पावलं मागे सरकली. तिचा चेहरा उतरला.

चोवीसही नकाशांत गावं कापडाच्या काठासारखी एका रेषेत होती. मलाही तेव्हाच कळलं. वर डोंगराला जागा सोडायची, खाली तळ्याला जागा सोडायची. मग गावं राहणार कुठे? मधल्या पट्ट्यात. एक डावीकडे, दुसरं उजवीकडे. प्रत्येक वेळी. मी चोवीस अनोळखी जमिनी घडवल्या नव्हत्या, एकच जमीन चोवीसदा घडवली होती. आणि डोंगराच्या पायथ्याशी गाव शोधायची सवय ज्यांच्या हाडात होती, त्यांना ती न सांगता समजली होती.

संध्याकाळी तिने ते कागद वडिलांपुढे ठेवले. त्यांनी एकेक कागद उचलून पाहिला.

“म्हणजे मी जिंकत नव्हतो?”

“जिंकत होतात, बाबा. पण जमीन नवी नव्हती.”

“हे कुणाला कळलंय?”

“अजून नाही.”

त्यांनी कागदांचा गठ्ठा सारखा केला, कडा जुळवल्या. “रविवारनंतर काढ ना तो नियम.”

लुआने गठ्ठा उचलून पिशवीत घातला. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, आणि लगेच वाटलं, नाही तेच बरं. इतक्या दिवसांनी माणूस घराबाहेर पडला होता. त्याला परत आत कोण पाठवणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरी झोपलेली असताना, कारखान्याच्या फाटकावरून निरोप आला. लुआ खाली गेली आणि दहा मिनिटांत परत आली. श्वास फुललेला, डोळे ओले, आणि चेहरा मात्र हसरा. तिने शेजारच्या मैत्रिणीला हलवून उठवलं आणि कुजबुजत सांगितलं, ते मी ऐकलं.

काका सकाळी एकटेच खेळत बसले होते. खेळ सुरू होताच, काही दिसायच्या आधी, त्यांनी काळ्या पडद्यावर बोट ठेवलं: गाव इथे असणार. तिथेच होतं. दुसरा डाव, तिथेच. पाच डाव, पाचही वेळा बोटाखाली गाव. मग त्यांनी सायकल काढली आणि थेट कारखान्याच्या फाटकावर आले.

“म्हणाले, काढून टाक. आजच. हे तर घरातल्यासारखंच झालं, म्हणाले, सगळं जागच्या जागी. आणि त्या पोरांना आधी सांग.”

“मग तू रडतेस कशाला?”

“मी कुठे रडतेय! सरक, मला बसू दे.”

अकरा ओळी पुसायला तिला एक क्षण लागला. माझ्या अंगावरचं एखादं घट्ट कापड कुणी सोडवावं तसं झालं. डोंगर कुठेही उगवू शकत होते!

रविवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. खांगने स्टुलावर चढून सगळ्यांना सगळं सांगितलं, कुणाच्या हट्टापायी नियम आला तेही. एकच गलका झाला.

“काका, मग आता वास्तू कोण बघणार?”

“चल, तुझ्या घरची बघतो, म्हणजे अभ्यासाला तरी बसशील!”

काका पहिले दोन सामने जिंकले, कसेबसे. तिसरा तुएशी. तुए थाय बिन्हचा, बावीस वर्षांचा, बोटं तव्यावरच्या लाह्यांसारखी. आकडा कुणी द्यायचा यावर भांडण झालं, तेव्हा बाहेर गार चहा विकणाऱ्या बाईला आत बोलावलं. तिने मोठ्या विचाराने आकडा सांगितला आणि मी कामाला लागलो.

काय जमीन निघाली, अहाहा! काकांचं गाव दलदलीच्या कडेला, तोंड उत्तरेला, समोर खडक. सगळे काकांकडे बघताहेत. काकांनी पडद्याकडे बघितलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि घोडेस्वार सोडला.

सवयीने तो पूर्वेला गेला. मध्ये डोंगर लागला. डोंगराच्या पायथ्याशी वळला. तिथे गाव नव्हतं. चार हरणं होती, त्यांनी माना वर केल्या आणि ती पळाली.

काका मोठ्याने हसले. “इथे काहीच नाही! लुआ, बघ, काहीच नाही गं इथे!”

लुआ त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिने त्यांचं ते हसणं किती दिवसांनी ऐकलं, हे मी मोजलेलं नाही.

पुढची चाळीस मिनिटं मी सांगू शकत नाही, इतकी धावपळ झाली. काका चुकले, अडकले, दलदलीत निम्मी फौज गमावून बसले. तुएही चुकला, तो जंगलाला तीन चकरा मारून आपल्याच गावात परत आला आणि सगळे खो खो हसले. काकांना झाडांमधून एक चिंचोळी वाट सापडली, जी मी सोडली होती हे मलाच आठवत नव्हतं. तिथून ते तुएच्या दारापर्यंत पोचले. पण पोचायला उशीर झाला होता. तुएने त्यांना परतवलं आणि मग हरवलं.

“काका, छान खेळलात,” तुए उठत म्हणाला. बाहेर थाय बिन्हच्या लोकांची गाडी हॉर्न वाजवत होती.

काकांनी त्याची बाही धरली. “जातोस कुठे? बस खाली. लुआ, दुसरी जमीन काढ, ही कळली आता. बस रे, गाडीला सांग थांबायला. कोंबडी कुठली!”

तुए बसला.

आज मी नदीच्या दोन्ही तीरांवर चालतो. रोज शेकड्यांनी जमिनी घडवतो, आणि एक खेळून झाली की ती विसरून पुढची घडवायला घेतो. थ्वानकाका जिंकतात त्यापेक्षा जास्त हरतात. आठवड्यातून तीन दिवस कॅफेत, एक दिवस पुलापलीकडे तुएच्या गावात. आवाज चालू ठेवून खेळतात, इतका मोठा की शेजारचे ओरडतात.

लोक मला अजून विनवतात. सोनं जरा जवळ दे, शत्रू जरा लांब ठेव, एखादं तळं आमच्या बाजूला सरकव. बाबांनो, माझी एकच विनंती आहे. हे मागू नका. मी दिलं तर तुम्ही जिंकाल, आणि मग तुम्हाला कंटाळा येईल.

थांबा. काकांनी आत्ताच एक नवा आकडा दिलाय. पडदा काळा आहे. लुआ शेजारी बसली आहे, आणि ते तिला विचारताहेत, “कुठे असेल गं त्याचं गाव?”

“मला काय माहीत, बाबा.”

घोडेस्वार निघाला. आता बोलायला लावू नका मला, मला बघू द्या.