हबीबच्या हातची अक्षरं

मित्रांनो, जरा लांब उभे राहा. माझ्या पत्र्याच्या कडा धारदार आहेत, आणि वयामुळे जीभही तशीच झाली आहे. वडनेर भोलजीच्या पुंजाजी तायडे यांच्या घरात कोपऱ्यात पडलेली काळी फौजी पेटी, ती मीच. सध्या माझ्या पोटात तुरीची डाळ आणि कडुनिंबाचा पाला आहे. पण मी एका राखीव पायदळ ब्रिगेडबरोबर हिंडलेली पेटी आहे.

'राखीव' म्हटलं की लोकांची तोंडं वाकडी होतात. वाकडी होऊ द्या. पुढच्या फळीला भगदाड पडलं तर ते बुजवायला मागे ठेवलेलं सैन्य म्हणजे राखीव सैन्य. हुकूम येईपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही, आणि हुकूम आला की क्षणभरही थांबायचं नाही. हे किती अवघड असतं, ते चौकात बसून युद्ध जिंकणाऱ्यांना काय कळणार? बसची वाट बघतानाही त्यांचा जीव वर-खाली होतो.

पुंजाजी भरती झाले तेव्हा छावणीबाहेरच्या कारागिराने मला ठोकून घडवलं. माझं झाकण कोरं होतं. त्यावर अक्षरं काढली शेख हबीबने. हबीब रोहिणखेडचा, आमच्या ब्रिगेडच्या ट्रकचा ड्रायव्हर. हात असा वळणदार की सगळे जवान आपली पेटी त्याच्याकडे आणत. फौजेत पेटीवर नाव, नंबर आणि गाव लिहायची रीत आहे. जवान पुढे जातो, पेटी मागे कोठारात राहते. तो परतलाच नाही, तर झाकणावरचं नाव वाचून पेटी एकटी घरी जाते.

माझ्यावर लिहिताना हबीबचा अंदाज चुकला. 'वडनेर भोल' एवढ्यातच झाकण संपलं. उरलेला 'जी' त्याला खालच्या ओळीत, अगदी कडेला बसवावा लागला.

"काय केलं बे हे? माह्यं गाव खाली पाडलं!" पुंजाजी ओरडले.

"गाव लांब हाय तुह्यं, मी काय करू? रोहिणखेडले ये राहाले, एका ओळीत बसते!" हबीब म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

मग एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई आली. रोज संध्याकाळी आमच्या जवानांना ट्रकमध्ये चढवत, तयार राहा म्हणत, आणि सकाळी पुन्हा उतरवत. पुंजाजी बूट न काढता झोपत. पुढून जखमी येत, त्यांना आमचेच जवान उतरवून घेत. पाणी आणि दारूगोळा आमच्याच गाड्या पुढे नेत. पुढच्या फळीतल्या जवानांच्या पेट्या कोठारात आमच्याशेजारीच रचलेल्या होत्या. त्याही नाक वर करून म्हणायच्या, "तुम्ही काय, राखीव!" अरे, धूळ खात तर तुम्हीही इथंच पडल्या होत्या ना!

लढाई संपली. आमच्या ब्रिगेडला पुढे जायचा हुकूम कधीच आला नाही. हुकूम आला तो नंतर, शेतांमधले खंदक बुजवण्याचा आणि वाटा मोकळ्या करण्याचा. लढणारे सत्काराला गेले, आम्ही माती ओढत बसलो. त्याच कामात पाण्याचा ट्रक घेऊन निघालेल्या हबीबच्या चाकाखाली एक राहून गेलेला सुरुंग फुटला.

हबीबची पेटी एकटी घरी जाणार होती. पुंजाजींनी रजा मागून घेतली आणि तिला सोबत केली. मलकापूर स्टेशनापासून एसटीच्या टपावर आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो. रोहिणखेडला त्यांनी ती पेटी डोक्यावर घेऊन हबीबच्या दारात नेली. त्याची आई बाहेर आली. पेटीवरचं नाव तिला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरांवरून हात फिरवत राहिली. मग पुंजाजींना म्हणाली, "बैठ बेटा. पहले पानी पी."

त्या दारात उभं राहायला जे बळ लागलं, ते कोणत्याही पदकात मावणार नाही. पण त्याबद्दल पुंजाजींना आजवर कोणी विचारलं नाही. सगळे एकच विचारत आले, "किती मारले?" फुकटचं शौर्य ऐकायला आसुसलेली ही माणसं! मला त्यांची कीव येत नाही, किळस येते.

त्यांचे मुकुटमणी म्हणजे उत्सव समितीचे उत्तमराव. त्यांची सारी मर्दुमकी पहिल्या रांगेतली खुर्ची पकडण्यात गेली. यंदा प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर ते एका पेंटरला घेऊन अंगणात आले.

"पुंजाजीबुवा, यंदा सत्कार तुमचाच! ही पेटी स्टेजवर ठेवू. झाकणावर मस्त रणगाडा काढून घेऊ. तुम्ही फक्त सांगाचं, म्या रणगाडा उडवला."

"म्या नाही उडवला," पुंजाजी म्हणाले.

"कोण येते पाहाले? राखीव म्हंटलं तं लोकं उठून जातीन!"

पेंटर माझ्यावर वाकून हसला. "हे कोन्या अडाण्यानं लिवलं? 'जी' कुठं जाऊन पडला! पहिले हे खरवडून काढतो."

मित्रांनो, माझा पत्रा थंड पडला. हबीबच्या हातचं दुसरं काहीच आता माझ्या माहितीत उरलेलं नाही. त्याच्या आईच्या घरी असलेली ती दुसरी पेटी गंजून केव्हाच भंगारात गेली.

पुंजाजींची नात महामाया दारात उभी होती. ती आठवीत आहे. तिचे डोळे भरून आले होते. "आबा, काढू द्या न चित्र. पोरं मले 'पेटीवाल्याची नात' म्हंतात. म्हंतात, तुह्या आबानं लढाईत पेट्या राखल्या."

पुंजाजी माझ्यापासून बाजूला झाले. सत्काराला ते भुलले नव्हते, पण नातीच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना सोसेना. पेंटरने रंग खरवडायची पत्री माझ्यावर टेकवली. एक रेघ उठली.

"थांब!" पुंजाजींचा आवाज असा आला की कोंबड्या उडाल्या. "हे हबीबनं लिवलं. मी मेलो असतो तं हे वाचूनच पेटी माह्या बायकोकडं, या जनकाबाईकडं आली असती. तो मेला. मी त्याची पेटी त्याच्या मायले नेऊन देल्ली. आता त्याचं लिवलेलं मीच पुसू काय?"

"मंग सत्कार राह्यला," उत्तमराव म्हणाले.

"राहू द्या. आम्हाले राहाची सवय हाय, आम्ही राखीवच!"

घरातून जनकाबाई म्हणाल्या, "चहा पिऊन जा उत्तमराव. रणगाड्याले पन पाजा!" पेंटरला हसू आवरेना. उत्तमराव चहा न पिताच गेले.

महामाया बराच वेळ माझ्याजवळ बसली. मग तिने विचारलं, "आबा, हबीब कोन होता?" पुंजाजी दिवेलागणीपर्यंत सांगत राहिले.

सव्वीस जानेवारीला सत्कार दुसऱ्याच कोणाचा झाला. पुंजाजींनी शेवटच्या रांगेत ताठ उभं राहून झेंड्याला सलाम केला आणि ते घरी आले. अंगणात महामाया पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसली होती. तिच्या वर्गातल्या चार पोरी भोवती होत्या. पुसट झालेल्या प्रत्येक अक्षरात ती रंग भरत होती, हबीबच्या वळणाबाहेर तसूभरही न जाता.

"अवं, हा 'जी' वर घे न, चुकला हाय," एक पोरगी म्हणाली.

"चुकला नाही," महामाया म्हणाली. "तो तिथंच राहाते."

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू चकाचक करायला घ्याल, तेव्हा तिच्यावर कोणाचा हात फिरला होता हे आधी घरच्यांना विचारा. आणि कोणी म्हातारा जवान भेटला, तर किती मारले असं विचारू नका. कोणासोबत होता, असं विचारा. जमलं नाही तर निदान उत्तमराव होऊ नका.

रंग वाळला आहे. 'जी' अजून खालीच आहे.