आत्याचा घोट

चहा चाखणाऱ्याने चहा गिळायचा नसतो. तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि थुंकून टाकायचा. आत्याने भावाच्या चहाच्या मळ्यावर उभा जन्म हेच केलं. मात्र वर्षातला सगळ्यात उत्तम चहा ठरला, की त्याचा एक घोट ती व्यापाऱ्यांसमोर गिळायची. तो घोट म्हणजे शिक्का. मग कुणी घासाघीस करत नसे.

आता भाऊ नव्हता, भाचा मालक होता. यंदा थंडी पडलीच नाही. झुडपांना विसावा मिळाला नाही, त्यात अवेळी पाऊस कोसळला आणि पानं नुसती पाण्यावर फोफावली. दिसायला टवटवीत, चवीला बडा घर पोकळ वासा! ऊन वाढत चाललंय, मळ्यात सावलीची झाडं लाव, म्हणून आत्या कानीकपाळी ओरडत होती. पठ्ठ्याने होती तीही तोडली आणि तिथे जास्तीची झुडपं लावली. वर खापर फोडलं ते कोणावर? आत्याच्या जिभेवर!

"वय झालं तुझं, आत्या," तो सकाळीच म्हणाला होता. "चहा तोच आहे, तुझी जीभ गेलीय. आज गुपचूप गिळ, म्हणजे झालं."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तिने याची उलट उत्तरं गिळली, वहिनीचे टोमणे गिळले, घर एक राहावं म्हणून राग गिळला. गिळायची तिला सवय होती, हे खरंच. पण त्या जिभेवर भावाने आयुष्यभर विश्वास टाकला होता. तिला खोटं पाडणं आत्याला जमणार नव्हतं.

चाखायच्या खोलीत लांब टेबलावर बिनकानाचे पांढरे कप मांडले होते. व्यापारी वाट पाहत उभे होते. आत्याने चमच्याने फुर्रकन घोट ओढला, घोळवला आणि सगळ्यांदेखत थुंकून टाकला.

"पाणी आहे," ती म्हणाली. "रंगीत पाणी."

भाचा कसनुसं हसला. "मनावर घेऊ नका हं. वयामुळे आत्याला हल्ली चवच कळत नाही."

"असं? मग तूच गिळ की रे," म्हणत आत्याने कप त्याच्यापुढे सरकवला.

त्याने मोठा घोट घेतला. तोंड वाकडं झालं, डोळे थुंकदाणी शोधू लागले. शेवटी कसाबसा घोट घशाखाली ढकलून तो म्हणाला, "वा! अप्रतिम!"

आत्या व्यापाऱ्यांकडे वळली.

"पोराची जीभ शाबूत आहे हो," ती म्हणाली. "लाज तेवढी गेली."