वेशीतल्या चपला

आमच्या आराधनाला पाय फुटल्यापासून घरात कुणाला बसायला मिळत नाही. आता झोपलीये, तर कुकर होईस्तोवर लिहून काढते.

माझ्या नवऱ्याचं, सॅमसनचं गाव नेवाशाच्या अलीकडे. आमची ख्रिस्तवाडी वेशीबाहेर. वेस म्हणजे दगडी कमान, कोनाड्यात शेंदरी मारुती. सॅमसनची आजी, बनुबाई, वेशीशी आली की चपला काढून काखेत मारायची आणि गावभर अनवाणी फिरायची. मी शहरात, सावेडीत फ्लॅटात वाढलेली. मला वाटायचं, केवढं मोठं मन! रविवारी चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसणारी बाई मारुतीलाही मान देते. कौतुकानं हे सॅमसनला सांगितलं, तर तो हसलाच नाही.

"मारुतीसाठी नाही गं. आपल्या लोकांनी गावात चपला घालायच्या नाहीत, अशी रीत होती. तिच्या आईनं तिला काढायला शिकवलं. रीत गेली, तिचा हात अजून चपलेकडे जातो."

गेल्या महिन्यात आराधनाला डोस द्यायला तिघी निघालो. पायात चूंचूं वाजणारे लाल बूट, पणजीचं बोट धरून स्वारी पुढे. वेशीत बनुबाई वाकली, चपला काखेत. पारावरून काकासाहेब पाटलांची नेहमीची थट्टा आली.

"बनुबाई, घाला की! आता कोन काय म्हनतंय?"

"ऱ्हाऊ द्या पाटील. पायालाच जमत न्हाई."

तेवढ्यात चूंचूं थांबलं. आराधना कमानीखाली फतकल मारून बसली होती. दोन्ही बूट ओढून काढले, काखेत धरले, आणि शाबासकीसाठी पणजीकडे बघायला लागली.

"घ्या, पणतीबी शिकली!" पारावर कोणीतरी हसलं.

मी मनात म्हटलं, सगळं घे बाई तिच्याकडून, हे तेवढं नको. पण म्हाताऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगू?

बनुबाईच खाली बसली. "न्हाई गं माजे बाय. ह्ये न्हाई शिकायचं." तिनं बूट चढवले. आराधनानं पुन्हा ओढून काढले आणि पणजीच्या काखेकडे बोट केलं.

बनुबाईनं काखेतल्या चपला काढून फरशीवर ठेवल्या. कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "पाटील, जरा तिकडं बघा. मला लाजल्यागत हुतंय."

काकासाहेब टोपी सारखी करून उठले आणि देवळाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचेही वळले.

बनुबाईनं एक पाय घातला. मग दुसरा. मग पोरीचे बूट. यावेळी पोरीनं पाय पुढे केले.

आणि दोघी चालायला लागल्या. कमानीत चट् चट्, चूं चूं. त्या दगडांनी बनुबाईच्या चपलेचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. बायबलात मोशेसाठी समुद्र दुभंगून वाट झाली तेव्हा काठावरची माणसं अशीच खिळून राहिली असतील. मला पाऊल उचलायचं भानच नव्हतं.

बाजाराच्या तोंडाशी बनुबाई वळली.

"अगं ये की, कृपा! डोस काय मला द्यायचाय?"