पेटीतली पातळी

सकाळची पूजा आटोपेपर्यंत माझं मौन असतं. हे गेले तेव्हा धरलं, आजवर मोडलं नव्हतं. धुळ्याचे अभिमन सर, माझे मार्गदर्शक, यांना ते ठाऊक आहे. त्या वेळात त्यांचा फोन आला की मी फोनवर टिचकी मारते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

आमचं काम तीन कणांचं. प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावणारे तीन कण एकमेकांवर आदळले तर काय होईल, हे मोकळ्या अवकाशात संगणकाला काढता येत नाही. म्हणून ते एका लहानशा पेटीत आहेत असं धरायचं, तिथल्या ऊर्जेच्या पातळ्या काढायच्या आणि त्यावरून सूत्रानं बाहेरचं गणित मिळवायचं. माझ्या आकड्यांत एक पातळी पेटी मोठी केली तरी हलत नव्हती. म्हणजे तिघं एकमेकांना धरून बसलेले. सगळा प्रबंध तिच्यावर उभा होता.

आज गंध उगाळण्याआधी लॅपटॉप उघडला. शेवटची तपासणी संपली होती. त्या पातळीच्या गुणकाचं अधिक-उणे चिन्ह उलटं निघालं. खऱ्या अवस्थेचं तसं निघूच शकत नाही. ती कणांची नव्हती, आमच्या सूत्रातून आलेली होती. मी लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात सरांचा फोन.

"मेघा, परिषदेला सारांश पाठवतोय. पातळी पक्की ना?"

मी दोनदा टिचकी मारली.

"एकच मारायची होती, बाई. पुन्हा."

पुन्हा दोन.

"घाबरलीस होय? ऐनवेळी सगळेच घाबरतात. पाठवतो मी."

"पाठवू नका, सर. ती खोटी आहे. चिन्ह उलटं आलंय."

ते म्हणाले, "तुझं मौन होतं ना?"

"होतं."

"मग प्रबंधात उरलं काय?"

"दोन-दोन कणांचं गणित. ते बरोबर आहे."

"ते तर सगळ्यांकडेच आहे."

"हो."

"बरं. उद्या धुळ्याला ये."

रडू येईलसं वाटलं. आलं नाही. ओट्यापाशी सासूबाई उभ्या होत्या.

"मौन मोडनं का वं?"

"मोडलं, अक्का."

"मंग बस. चहा ठेवस मी."

"पूजा राहिलीय."

"देव काय कोठे पयी जास?"

खरंच, देव कुठे पळून जाणार होता. मी बसले. साखर किती, त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगितलं.